‘खाली बघा’ म्हणाल्या आणि पापणीत किडे निघाले

पत्र असं आलंय:

“ताई नमस्कार. मी लालबागला चाळीत राहते, वय ५३. घरातून पोळीभाजीचे डबे देते, सध्या २२ डबे आहेत. दीड-दोन वर्षं झाली, सकाळी उठलं की डोळे चुरचुरतात, पापण्यांना खाज सुटते, कडा लाल होतात, पापण्यांच्या केसांत कोंड्यासारखं दिसतं. तीनदा रांजणवाडी झाली. मला वाटायचं गॅससमोर उभी असते, फोडणीचा धूर, मिरचीचा ठसका, त्यानेच होत असणार. खालच्या मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिलाय, तो टाकला की दोन दिवसांत लाली जाते, परत येते, परत टाकते, असं वर्षभर चाललंय. मागच्या आठवड्यात जवळचं नीट दिसेना म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले तर तिथल्या डॉक्टरबाईंनी मशीनमध्ये बघताना ‘खाली बघा’ म्हटलं आणि म्हणाल्या तुमच्या पापण्यांत डेमोडेक्स आहेत, बारीक किडे असतात. पुढे त्या बरंच बोलल्या पण किडे ऐकल्यावर माझ्या कानात काही शिरलंच नाही. घरी कोणाला सांगितलं नाहीये. चार वर्षांचा नातू माझ्याजवळ झोपतो, त्याला आता सुनेकडे झोपवते, तो रडतो. टॉवेल, उशी सगळं वेगळं केलंय. नेटवर वाचलं टी ट्री ऑइलने मरतात म्हणून बाटली मागवलीय, उद्या येईल. डोळ्यात किती थेंब टाकायचे? आणि डबे बंद करू का? पोळीवालीच्या डोळ्यात किडे आहेत हे कोणाला कळलं तर संपलंच. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, तोवर जाईल ना हे?”

ताई, सगळ्यात आधी नातवाला परत जवळ झोपवा, आज रात्रीच. बाकीचं सगळं सावकाश वाचा पण हे आज करा. आणि दुसरं, ती बाटली उद्या आली की उघडू नका, डोळ्यात एक थेंबसुद्धा टाकायचा नाही, का ते पुढे सांगते.

मी १९ वर्षं डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, म्हणून काम करतेय आणि ‘किडे’ हा शब्द ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा पडतो ते मी रोज बघते. बायकांना तर जास्तच लागतं, कारण आपल्याकडे घरातली स्वच्छता म्हणजे बाईची अब्रू असं धरून चालतात, त्यामुळे डोळ्यात किडे म्हणजे मी घाणेरडी, इथपर्यंत मन दोन सेकंदात पोचतं. तुमच्या डॉक्टरबाईंनी तपासणी अगदी बरोबर केली पण हा एक शब्द जरा जपून वापरायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. कारण तुम्ही ज्या किड्यांची कल्पना करताय, तांदळातले, धान्यातले, डोक्यातल्या उवा, त्यातलं हे काहीच नाही.

डेमोडेक्स म्हणजे कोळी आणि गोचीड यांच्या खानदानातला एक अतिसूक्ष्म जीव, आठ पायांचा, लांबी ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. माणसाच्या अंगावर याच्या दोन जाती राहतात. एक फॉलिक्युलोरम, ती केसाच्या मुळाशी जी खोबण असते तिथे डोकं खाली करून राहते, आणि दुसरी ब्रेव्हिस, जरा छोटी, ती तेलाच्या ग्रंथींमध्ये आत जाऊन बसते. चेहऱ्यावर नाक, कपाळ, गाल, पापण्या, जिथे तेल जास्त तिथे हे असतात. आणि हे काही आजकालचं नाही, १८४१-४२ मध्ये हेन्ले आणि सायमन या दोन जर्मन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा पाहिले, १८४३ मध्ये ओवेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने नाव ठेवलं डेमोडेक्स, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चरबीतला किडा असा काहीतरी होतो. म्हणजे १८० वर्षं झाली आपल्याला हे माहितीये आणि तरीही साध्या चष्म्याच्या तपासणीत याच्याकडे नीट बघायला आम्ही लोकांनी आत्ता आत्ता सुरुवात केलीय.

आता मुद्दा असा की हे जवळपास सगळ्यांच्या अंगावर असतात, कमी-जास्त. लहान मुलांत फार थोडे, कारण त्यांच्या त्वचेत तेलच कमी, आणि वय वाढेल तसे वाढत जातात, साठी-सत्तरीच्या माणसांत तर बहुतेकांकडे सापडतात. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्या माणसाकडेही असतात. त्यामुळे ‘आहेत’ हा आजार नाही, ‘फार झालेत आणि पापणी सुजायला लागलीय’ हा आजार. त्याला डेमोडेक्स ब्लेफरायटिस म्हणतात, ब्लेफरायटिस म्हणजे पापणीच्या कडेची सूज, इतकंच. अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, त्यात डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये वेगवेगळ्या कारणांनी आलेल्या १,०३२ पेशंटचे रेकॉर्ड बघितले, कोणी नंबर काढायला आलेलं, कोणी मोतीबिंदूसाठी, कोणी डोळे कोरडे पडतात म्हणून, तर ५८ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या पापण्यांवर याची खूण होती. निम्म्याहून जास्त! म्हणजे तुम्ही त्या दिवशी चष्म्यासाठी बाकड्यावर बसला होतात ना, तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांतही कोणीतरी तुमच्यासारखंच असणार, फक्त त्यांना कोणी खाली बघा म्हटलं नसेल.

हे ‘खाली बघा’ म्हणजे काय ते सांगते कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. आम्ही मशीनवर पेशंटची हनुवटी टेकवतो, कपाळ पट्टीला लावायला सांगतो आणि समोर बघा म्हणतो. समोर बघताना वरच्या पापणीच्या केसांची मुळं दिसतच नाहीत, झाकलेली असतात. पेशंटने नजर खाली केली की मुळं समोर येतात आणि तिथे ती खूण दिसते, तिला कॉलरेट म्हणतात. तुम्ही स्वयंपाक करता म्हणून तुमच्या भाषेत सांगते, कांद्याच्या पातीला बुडाशी पातळ पारदर्शक पापुद्रा असतो ना, पातीभोवती गुंडाळलेला, तस्सं पापणीच्या केसाच्या बुडाशी दिसतं. त्यात त्या जीवांची अंडी, त्यांचा मळ, मेलेली त्वचा असं सगळं असतं. साधा कोंडा असेल तर तो केसावर कुठेही चिकटलेला दिसतो, तेलकट किंवा सुकी पापडी, पण ही नळीसारखी कॉलर मुळाशीच असते आणि ती दिसली की डेमोडेक्स आहे हे पक्कं, केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पाच सेकंदांचं काम आहे. आणि मी हे प्रामाणिकपणे लिहिते की माझ्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी हे बघत नव्हते. खाज येते म्हणणाऱ्याला ॲलर्जी आहे म्हणून पुढे पाठवायचे, चुरचुरतं म्हणणाऱ्याला डोळे कोरडे पडलेत म्हणून. त्यातले काही जण परत परत येत राहिले, तेच दुखणं घेऊन, आणि आज मला त्यांचे चेहरे आठवतात आणि वाईट वाटतं, कारण पाच सेकंद नजर खाली करायला सांगितलं असतं तर त्यांची फरफट वाचली असती. म्हणून तुमच्या डॉक्टरबाईंचं मला कौतुक वाटतं. तुम्ही नंबर काढायला गेलात, त्यांनी पापणी बघितली.

तुमची लक्षणं बघा कशी जुळतात. खाज सकाळी जास्त का, तर हे जीव उजेडाला घाबरतात, दिवसभर आत बसतात आणि रात्री तुम्ही झोपलात की बाहेर येऊन एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे जातात, त्यांचं मीलन तेव्हाच होतं. रांजणवाडी परत परत का, तर तेलाच्या ग्रंथींची तोंडं बंद होतात. वरच्या-खालच्या पापणीच्या कडेला अशा २०-४० ग्रंथी ओळीने असतात, त्यातून पातळ तेल येतं आणि ते अश्रूंवर सायीसारखं पसरतं म्हणून डोळा ओला राहतो. हे तेल घट्ट झालं, थंडीत तूप गोठतं तसं, की ते बाहेर येत नाही, आत गाठ होते, आणि वरून साय नाही म्हणून अश्रू लगेच उडून जातात. त्यात तुम्ही दिवसभर तव्यासमोर. म्हणजे धुराने, झळीने त्रास वाढतो हे तुमचं बरोबरच होतं, पण मूळ कारण ते नव्हतं.

आता त्या मेडिकलवाल्याच्या ड्रॉपबद्दल, आणि ताई, पूर्ण पत्रात मला खरी धडकी इथे भरली, किड्यांवर नाही. दोन दिवसांत लाली जाते, बंद केलं की परत येते, असं वर्णन ऐकलं की आमच्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची येते. बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा, बारीक अक्षर दिसत नसेल तर सुनेला वाचायला सांगा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही लिहिलंय का? बऱ्याच ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला हे असतंच, म्हणून नुसतं वरचं नाव वाचून कळत नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस हे औषध फार कामाचं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण वर्षभर आपल्या मनाने टाकलं तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, त्यातून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, दुखतही नाही म्हणून कळतही नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. आणि वरून स्टेरॉइडने सूज दबते पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते, म्हणजे ज्यांना हाकलायचंय त्यांनाच मोकळं रान. तर ही बाटली घेऊन, हो बाटली घेऊनच, याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, किती दिवस टाकताय ते न लपवता सांगा आणि प्रेशर तपासून घ्या. त्याच डॉक्टरबाईंकडे गेलात तर उत्तम. खर्चाची अडचण असेल तर तुम्हाला केईएम हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे डोळ्यांचा विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, डब्यांची एक दिवस सुट्टी टाका. मेडिकलवाल्याशी भांडायची गरज नाही, पण डोळ्याचा ड्रॉप त्याला विचारून घ्यायचा हे मात्र आता थांबलं पाहिजे.

टी ट्री ऑइल. नेटवर जे वाचलंत ते अर्धं खरं आहे म्हणूनच धोक्याचं आहे. त्या तेलात टर्पिनेन-४-ऑल नावाचा घटक असतो, तो या जीवांना मारतो हे खरं. पण शुद्ध तेल डोळ्यात गेलं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोळतो, प्रचंड आग होते, जखम होते. क्लिनिकमध्ये जे जास्त तीव्रतेचं लावतात ते डोळा सुन्न करून, मशीनखाली, फक्त केसांच्या मुळाला, डॉक्टरच्या हाताने लावतात. घरी खोबरेल तेलात चार थेंब घालून पातळ करते असं कृपया करू नका, त्याचं प्रमाण घरी कोणाला जमत नाही आणि मला पोळलेल्या पापण्या घेऊन आलेले लोक माहितीयेत. घरी वापरायला पापण्यांसाठीच बनवलेले वाइप्स, म्हणजे पुसायचे ओले कागद, किंवा फोम मिळतात, त्यात हा घटक सोसेल इतकाच असतो, ते कुठले घ्यायचे ते डॉक्टर लिहून देतील. तेही जादू नाही बरं का, वर सांगितलेल्या अभ्यासात वाइप्स किंवा टी ट्री वापरणाऱ्यांतही बऱ्याच जणांच्या पापण्यांवर कॉलरेट होतेच. त्याने भार कमी होतो, त्रास कमी होतो. मागवलेली बाटली परत करता येत असेल तर करा, नाहीतर नातवाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, ते तेल पोटात जाणंही वाईट.

तसंच मध, गुलाबपाणी, तूप, कापूर, लवंग उगाळून, कोणी कोणी तर अंगावरचं दूधही सांगतात, यातलं काही डोळ्यात नको. रांजणवाडीवर तळहातावर बोट घासून शेक देतात ते चालेल एक वेळ, कारण त्यात शेकच आहे, पण बोट धुतलेलं हवं.

मग करायचं काय. रोज रात्री भांडी आवरून झाली की दहा मिनिटं स्वतःसाठी काढायची. स्वच्छ धुतलेला मऊ सुती कपडा, जुन्या साडीचा असला तरी चालेल, गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसतोय ना, मग बंद डोळ्यांवर ठेवायचा. तो मिनिटभरात गार होतो म्हणून परत बुडवायचा, असं पाच ते दहा मिनिटं, गार कपडा ठेवून काही उपयोग नाही. तव्यावर गरम केलेली मिठाची पुरचुंडी ठेवू नका, पापणीची कातडी फार पातळ असते, भाजते. शेक झाला की स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी हलकेच दाबत न्यायची, केसांच्या दिशेने, म्हणजे विरघळलेलं तेल बाहेर येईल. बुबुळावर जोर द्यायचा नाही. मग डोळा मिटून वाइपने केसांच्या मुळाशी आडवं आडवं पुसायचं, एका डोळ्याला एक वाइप, दुसऱ्याला दुसरा. वाइप्स महाग पडतात हे मला माहितीये, तर बेबी शॅम्पूचे दोन-चार थेंब अर्धी वाटी कोमट पाण्यात घालून कापसाने पुसणं हा जुना उपाय आहे, त्याने कोंडा आणि पापडी निघते पण हे जीव त्याने काही मरत नाहीत, इतकं लक्षात ठेवून वापरा. आणि डोळे खूप चुरचुरले की चोळायचे नाहीत, डॉक्टरांना विचारून साधे अश्रूंसारखे ड्रॉप घ्या.

किती दिवस? या जीवाचं सगळं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं. म्हणजे आज मोठे मेले तरी मुळाशी अंडी आहेत, ती उबणार, म्हणून आठ दिवस करून ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलं तर खरंच काही फरक पडणार नाही. किमान सहा आठवडे धरून चाला. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये खास याच दुखण्यासाठी पहिल्यांदा एका ड्रॉपला मंजुरी मिळाली, लोटिलानर नाव आहे, ते औषध आधी कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडींसाठी गोळीत वापरलं जात होतं, ते या जीवांच्या नसा लुळ्या करतं, तेही रोज दोनदा सहा आठवडे टाकतात, आणि त्यांच्या चाचण्यांत साधारण निम्म्या लोकांच्या कॉलरेट जवळपास नाहीशा झाल्या. हे सांगायचं कारण इतकंच की तुमच्या दुखण्यावर जगात गंभीरपणे काम चाललंय, तुम्ही काही विचित्र प्रकरण नाही. पण कोणी तिकडून येतंय म्हणून बाटली मागवू नका, ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. काही पेशंटना डॉक्टर अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा आयव्हरमेक्टिनही देतात, पण कोणाला काय द्यायचं ते तुमची बाकीची दुखणी, चालू गोळ्या बघून तेच ठरवतील. चेहरा वारंवार लाल होतो, गालांवर पुटकुळ्या येतात असं असेल तर तेही त्यांना सांगा, रोझेशिया नावाचा हा त्वचेचा आजार आणि हे बऱ्याचदा जोडीने असतं.

आणि एक गोष्ट जी मला सांगितलीच पाहिजे. गाठ परत परत एकाच जागी येत असेल, त्या जागचे केस गळले असतील, एकाच डोळ्याला असेल आणि औषधाने हटत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की याचा तुकडा तपासायला पाठवायचा का. पन्नाशीनंतर पापणीच्या तेलग्रंथीचा एक कॅन्सर असा साध्या रांजणवाडीसारखा दिसतो, क्वचितच होतो पण आपल्या भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. तुमचं तसंच आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुम्हाला दोन्ही डोळ्यांना खाज आहे, कॉलरेट आहेत, कारण सरळ दिसतंय. तरी तीन वेळा झालेली रांजणवाडी कुठे कुठे झाली ते आठवून सांगा. आणि डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना, नजर धूसर झाली, तर डब्यांचा विचार न करता त्याच दिवशी जायचं.

आता नातू. हे जीव जवळच्या स्पर्शाने एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात हे खरंय, पण आपण सगळे आपापल्या आईच्या, आजीच्या गालाला गाल लावूनच मोठे झालो आणि असेच ते आपल्याकडे आले. चार वर्षांच्या पोराच्या त्वचेत त्यांना खायला फारसं काही नाही. त्याला लांब ठेवून तुम्ही त्याला कशापासून वाचवत नाही आहात, नुसतं रडवताय, आणि तुम्हीही रडत असाल. टॉवेल वेगळा केलात ते ठीक, तो घरात प्रत्येकाचा वेगळाच असावा. उशीचा अभ्रा आठवड्याला गरम पाण्याने धुवा. पण त्याच्या डोळ्यांच्या केसांना काही चिकटलेलं दिसलं आणि त्याला खाज असेल तर मात्र दाखवा, मुलांत कधी कधी तिथे उवांच्या लिखा सापडतात, ते वेगळं प्रकरण.

डबे बंद करू नका. हे जीव केसाच्या मुळाबाहेर, त्वचेबाहेर फार टिकत नाहीत, सुकून मरतात, पोळीतून भाजीतून कोणाच्या डोळ्यात जायचा काही मार्गच नाही. तुमच्या २२ डबेवाल्यांपैकी चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या पापण्यांत ते आधीच असणार. गिऱ्हाइकांना सांगायची काही गरज नाही, मधुमेह आहे, गुडघे दुखतात हे आपण सांगतो का गिऱ्हाइकांना? कणीक मळताना डोळ्याला हात लागला तर हात धुवून मग पुढे, इतकं पाळा, ते तर तुम्ही एरवीही पाळत असाल. मिरची कापलेला हात डोळ्याला लावू नका, सुजलेल्या पापणीला ती आग दुप्पट होते. गॅसजवळची खिडकी उघडी ठेवा आणि झळ तोंडावर येणार नाही असा पंखा फिरवा.

पण सुनेला सांगा. तुम्ही मुलाला अचानक तिच्याकडे झोपवायला लागलात, उशी-टॉवेल वेगळं केलंत, आणि कारण सांगत नाही, तर एका खोलीत राहताना तिच्या मनात काय काय येत असेल याचा विचार करा, आपलंच काही चुकलं, सासूबाई रागावल्या, असंच वाटत असणार ना तिला. सांगताना ‘किडे’ हा शब्द वापरू नका. पापणीच्या कडेला सूज आहे, तेलाच्या ग्रंथी बंद झाल्यात, डॉक्टरांनी रोज शेक द्यायला सांगितलाय, इतकं पुरे. मग तिने विचारलं तर हे वाचायला द्या. आणि रात्री शेक देताना तो गरम कपडा परत परत बुडवून द्यायला कोणी जवळ असलं तर बरं पडतं.

डिसेंबरचं लग्न. आजपासून नेमाने केलंत तर तोवर खाज, लाली बरीच कमी झालेली असेल. कायमचं जातं का, तर नाही, पापणीची ही सूज परत डोकं वर काढते, म्हणून बरं वाटल्यावरही शेक आणि पुसणं आठवड्यातून काही वेळा चालू ठेवायचं. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर आधी पापण्या स्वच्छ आहेत ना ते सर्जनला आठवणीने विचारा, सुजलेल्या पापण्यांमुळे लेन्सची मापं चुकू शकतात आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. काजळ सध्या नकोच, तुमची सध्याची काजळाची डबी टाकून द्या, एवढे महिने तीच काडी त्याच पापणीला लागलीय. लग्नाच्या दिवशी घालायचंच असेल तर नवीन घ्या, पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर न घालता केसांच्या बाहेरून बारीक रेघ काढा, कारण तेलाच्या ग्रंथींची तोंडं त्या आतल्या कडेवरच उघडतात आणि काजळ त्यांच्यावरच बसतं. भाची पार्लरमध्ये खोट्या पापण्या लावून घ्या म्हणून आग्रह करेल, त्याला मात्र नाही म्हणा. रात्री कितीही उशीर झाला, पाहुणे असले, तरी काजळ काढल्याशिवाय झोपू नका.

प्रेशर किती आलं आणि त्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.